ज्यांना वर्ग दिला नाही, त्यांचा विषय पदवीचा झाला

अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठात आज आफ्रिकी व आफ्रिकी-अमेरिकी अभ्यास या विषयात पदवी घेता येते. कोणते पेपर घ्यायचे, आफ्रिकेतली कोणती भाषा शिकायची, याची आखणी विद्यार्थी पहिल्या-दुसऱ्या वर्षातच करतात. १८८८ साली डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस हा वीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण तिथे दाखल झाला, तेव्हा असा विषयच नव्हता. गुलामांच्या वंशजांना इतिहास असतो, हेच मुळी कुणाला मान्य नव्हते! फिस्क या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजची पदवी त्यांच्या हातात होती. हार्वर्डने ती पूर्ण धरली नाही, पुन्हा बी.ए.च्या तिसऱ्या वर्षात बसवले.

१८९५ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. प्रबंधाचा विषय होता गुलामांचा व्यापार. एवढ्या विद्वानाला नोकरी कुठे? ओहायोतील विल्बरफोर्स या कृष्णवर्णीयांच्याच संस्थेत त्यांना ग्रीक-लॅटिन शिकवावे लागले. समाजशास्त्र शिकवतो म्हणाले, तर नकार! १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीय वस्तीची पाहणी करायला नेमले, पण वर्ग मात्र दिला नाही. आपल्याकडे हे निराळे सांगायला नको.

ड्युबॉइस नवविवाहित पत्नीसह त्या सातव्या वॉर्डातच राहायला गेले. स्वतः घरोघर फिरून माहिती गोळा केली. या वस्तीच्या दारिद्र्याचे मूळ तिच्या रक्तात नसून गुलामगिरीच्या इतिहासात आणि बंद ठेवलेल्या नोकऱ्यांत आहे, हे त्यांनी १८९९ च्या ग्रंथात आकडेवारीनिशी मांडले.

त्याआधीच, १८९७ मध्ये, ते अटलांटा विद्यापीठात गेले होते. तिथे त्यांनी शंभर वर्षांची योजना आखली. दरवर्षी एक विषय घ्यायचा: कारागीर, चर्च, कुटुंब, पदवीधर, गुन्हेगारी. दहा वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाचा हा पहिला खरा अभ्यासक्रम, असे आम्ही मानतो. पण १८९९ मध्ये सॅम होज या शेतमजुराला गोऱ्या जमावाने जाळून मारले. त्याच्या बोटांची हाडे अटलांटातल्या एका दुकानात मांडल्याचे ड्युबॉइस यांना रस्त्यात कळले आणि ते अर्ध्या वाटेवरून परत फिरले. नुसत्या आकडेवारीवरचा त्यांचा विश्वास त्या दिवशी डळमळला. १९१० मध्ये विद्यापीठ सोडून ते एन.ए.ए.सी.पी. या संघटनेचे 'क्रायसिस' मासिक चालवू लागले. पुढे ते विद्यापीठात परतले, तर १९४४ मध्ये त्यांना सक्तीने निवृत्त करण्यात आले.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या. ड्युबॉइस यांनी त्याच वर्षी जुलैअखेर आस्थेने उत्तर दिले. कोलंबियात शिकलेला एक आणि हार्वर्डचा एक, दोघेही आपापल्या समाजाचा अभ्यास स्वतःच उभा करत होते.

त्र्याण्णवाव्या वर्षी, १९६१ मध्ये, ते आफ्रिकेचा ज्ञानकोश तयार करायला घानाला गेले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी अक्रा येथे त्यांचे निधन झाले; काम अपुरेच राहिले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनचा प्रचंड मोर्चा निघाला. १९६८-६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात विद्यार्थ्यांनी महिनोन्‌महिने संप केला, तेव्हा कुठे कृष्णवर्णीय अभ्यासाचा विभाग मिळाला. हार्वर्डनेही विद्यार्थ्यांच्या रेट्यामुळे १९६९ मध्ये तो विषय पदवीला लावला, आणि १९७५ मध्ये तिथल्या संशोधन संस्थेला ड्युबॉइस यांचे नाव दिले.