विष्णुभट गोडसे

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही भंडाऱ्याहून नागपूरला बसने सहज जाता. विष्णुभट गोडसे १८५७ साली कोकणातील वरसई गावाहून थेट उत्तर हिंदुस्थानात निघाले. तेव्हा प्रवास फार कठीण होता. घरावर कर्ज होते. मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, अशी त्यांना आशा होती. पण वाटेतच इंग्रजांविरुद्ध उठाव झाल्याची बातमी आली. तरी ते पुढे गेले. १८५८ साली इंग्रजांनी झाशी घेतली, तेव्हा ते शहरातच होते. लपून बसल्यामुळे ते वाचले. कमावलेला पैसा मात्र लुटला गेला. तरीही आईवडिलांसाठी त्यांनी गंगाजलाची कावड खांद्यावरून घरी आणली. पुढे त्यांनी सारी हकीकत लिहून काढली. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक १९०७ साली छापले गेले. मित्रांनो, तुम्हीही प्रवासात जे पाहाल, ते लिहून ठेवा.