एमी नोएथर

जर्मनीच्या दक्षिणेस बव्हेरिया नावाचा प्रांत आहे. तेथील एर्लांगेन या विद्यापीठाच्या गावी २३ मार्च १८८२ रोजी एमी नोएथरचा जन्म झाला. तिचे वडील माक्स नोएथर हे त्याच विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. लहानपणी पोलिओच्या आजाराने त्यांचा एक पाय अधू झाला होता. परंतु बुद्धीच्या बळावर त्यांनी मोठा लौकिक मिळवला होता. बैजिक भूमिती हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

बैजिक भूमिती म्हणजे बीजगणित आणि भूमिती यांचा संगम. पाच सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ आपण कंपासाने काढतो. तेच वर्तुळ समीकरणानेही सांगता येते. मध्यापासूनचे आडवे अंतर क्ष आणि उभे अंतर य मानले, तर वर्तुळावरील प्रत्येक बिंदूसाठी या दोन अंतरांच्या वर्गांची बेरीज २५ येते. आडवे अंतर ३ आणि उभे अंतर ४ असलेला बिंदू त्या वर्तुळावर आहे, हे आकृती न काढताही कळते. कारण ९ आणि १६ मिळून २५ होतात. अशा प्रकारे समीकरणांच्या साहाय्याने आकृतींचे गुणधर्म शोधणारे हे शास्त्र आहे.

एमी चारचौघींसारखीच वाढली. तिला नृत्याची आवड होती. १९०० साली ती फ्रेंच व इंग्रजी या भाषा शिकवण्याची परीक्षा उत्तीर्ण झाली. मुलींच्या शाळेत शिक्षिका होण्याचा मार्ग मोकळा झाला. परंतु तिच्या मनाला गणिताची ओढ लागली होती. त्या काळी एर्लांगेन विद्यापीठात मुलींना रीतसर प्रवेश मिळत नसे. प्रत्येक प्राध्यापकाची अनुमती घेऊन त्यांना वर्गात केवळ श्रोता म्हणून बसता येई. त्या वर्षी तेथे ९८६ विद्यार्थी होते आणि त्यांत मुली होत्या अवघ्या दोन. त्यांपैकी एक एमी होती. १९०४ साली नियम बदलला. तिने तत्काळ आपले नाव नोंदवले आणि १९०७ साली गणितातील डॉक्टर ही पदवी संपादन केली.

पदवी मिळाली; पण पद मिळाले नाही. सुमारे सात वर्षे त्यांनी एर्लांगेन येथे विनावेतन काम केले. वडिलांची प्रकृती बरी नसली, की त्यांचे वर्गही त्या घेत. १९१५ साली हिल्बर्ट आणि क्लाइन या थोर गणितज्ञांनी त्यांना ग्योटिंगेनच्या विद्यापीठात बोलावून घेतले. परंतु स्त्रीला अध्यापनाचा अधिकार देण्यास तेथील काही प्राध्यापकांनी कडाडून विरोध केला. तेव्हा व्याख्याने हिल्बर्टच्या नावाने जाहीर होत आणि ती देत नोएथरबाई! १९१९ साली तो अधिकार त्यांना मिळाला. तरी वेतन नव्हतेच. पुढे अल्पसे मानधन मिळू लागले. त्यांनी कधी कुरकूर केली नाही. साधे राहावे, गणिताचे चिंतन करावे आणि विद्यार्थ्यांशी फिरता फिरता चर्चा करावी, यातच त्यांना आनंद होता.

१९२१ साली त्यांनी एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. एखादी आकृती असंख्य समीकरणांनी सांगितली, तरी त्यांतील मोजकीच समीकरणे निवडून तीच आकृती सांगता येते, हे हिल्बर्टने पूर्वीच सिद्ध केले होते. या गोष्टीच्या मुळाशी असलेले साधे तत्त्व नोएथरबाईंनी ओळखले आणि त्यावर बीजगणिताची नवी इमारत उभी केली. १९२४ साली व्हॅन डर वार्डन हा डच तरुण ग्योटिंगेनला आला. बैजिक भूमितीचा पाया त्याला कच्चा वाटत होता. तो पक्का करण्याची साधने त्याला नोएथरबाईंच्या बीजगणितात सापडली. वडिलांनी ज्या शास्त्रासाठी आयुष्य वेचले, त्याचा पाया कन्येच्या कार्याने असा बळकट झाला.

१९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. नोएथरबाई ज्यू होत्या. केवळ त्या कारणाने त्यांना विद्यापीठातून दूर करण्यात आले. तरीही त्यांनी विद्यार्थ्यांना आपल्या घरी बोलावून शिकवणे चालू ठेवले. त्यांतील एक विद्यार्थी तर हिटलरच्या पथकाचा गणवेश घालून येई. त्यालाही त्यांनी इतरांप्रमाणेच शिकवले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या अमेरिकेस गेल्या आणि ब्रिन मॉर येथील मुलींच्या कॉलेजात शिकवू लागल्या. परंतु हे सुख फार काळ टिकले नाही. शस्त्रक्रियेनंतर प्रकृती एकाएकी बिघडून १४ एप्रिल १९३५ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आज जगातील कोणत्याही विद्यापीठात विद्यार्थी बैजिक भूमितीचा अभ्यास आरंभितो, तेव्हा पहिल्या काही पाठांतच त्याला नोएथर हे नाव भेटते. जिला एके काळी वर्गात केवळ ऐकण्याची मुभा होती, तिच्याकडून आज अवघे जग शिकत आहे. दारे बंद असली, म्हणून ज्ञानाची साधना थांबत नाही. आणि खऱ्या साधकाच्या मागून येणाऱ्यांना ती दारे उघडी सापडतात.