परतीची वाट

१९३५ मध्ये ब्रिटनमध्ये ‘हार्ट्स डिझायर’ नावाचा एक संगीतप्रधान विनोदी बोलपट निघाला. कथानक साधेच होते. व्हिएन्नातील एका मद्यगृहाच्या बागेत गाणाऱ्या जोसेफ नावाच्या गायकाचा कंठ इंग्रज मंडळींच्या कानी पडतो. नव्या ऑपेरासाठी त्यांना गायक हवाच असतो. ते त्याला लंडनला नेतात. ज्या तरुणीवर त्याचा जीव जडतो, तिचे मन दुसरीकडेच गुंतलेले असल्याचे त्याला उशिरा उमगते. रंगभूमीवर यश आणि प्रेमात निराशा पदरी घेऊन जोसेफ आपल्या व्हिएन्नाला परततो. असल्या प्रेमकथा त्या काळी पैशाला पासरी मिळत. तरीही हा बोलपट आज आठवावा याला कारण आहे, ते जोसेफची भूमिका करणारा रिचर्ड टाउबर. पडद्यावरील गायकाला घराची वाट मोकळी होती. त्याची भूमिका करणाऱ्याला मात्र अवघ्या तीन वर्षांत त्याच व्हिएन्नाचे दरवाजे बंद झाले.

टाउबरचा जन्म १६ मे १८९१ रोजी ऑस्ट्रियातील लिंझ येथे झाला. आई स्थानिक रंगभूमीवरील नटी, वडीलही नट. दोघांचा विवाह झालेला नव्हता. रंगमंचाच्या पडद्याआड वाढलेल्या या मुलाला गाण्याचा ध्यास लागला. परंतु सुरुवातीला जाणकारांनी त्याच्या गळ्याविषयी फारशी आशा दाखविली नाही. तरुण टाउबर भारदस्त, दणदणीत गाण्याच्या मागे लागून आवाज ताणीत असे. फ्रायबुर्गचे शिक्षक कार्ल बाइनेस यांनी ही खोड ओळखली आणि त्याला मोत्सार्टच्या संयत गायकीकडे वळविले. आवाज चढविण्यापेक्षा तो आवरण्यात अधिक सामर्थ्य असते, हे त्याला तेथे कळले. पुढे ज्या हळुवार, अर्ध्या आवाजातील लकेरींसाठी श्रोते वेडे झाले, त्यांचे मूळ या शिकवणीत होते.

२ मार्च १९१३ रोजी केम्निट्झ येथे मोत्सार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मधील टॅमिनोच्या भूमिकेत त्याने पदार्पण केले. त्या नाट्यगृहाचे संचालक त्याचे वडीलच होते. तथापि वडिलांच्या वशिल्याने मिळालेली संधी स्वतःच्या गुणांवर टिकवावी लागते. थोड्याच दिवसांत ड्रेस्डेनच्या राजेशाही ऑपेराने त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला. आयत्या वेळी नवी भूमिका आत्मसात करून उभा राहणारा गायक अशी त्याची ख्याती झाली. त्यानंतर व्हिएन्ना आणि बर्लिन त्याची झाली.

ऑपेरात आरंभापासून अखेरपर्यंत कथा गाण्यातून उलगडते. ऑपेरेटा हे तिचे हलकेफुलके, गद्य संवादांना जागा देणारे भावंड. अभिजात गायकाने ऑपेरेटात गाणे अनेकांना कमीपणाचे वाटे. टाउबरने तो कमीपणा मानला नाही. संगीतकार फ्रान्झ लेहार याच्याशी त्याची गाठ पडली आणि दोघांची नावे एकमेकांना जोडली गेली. लेहार प्रत्येक नव्या कृतीत त्याच्या गळ्यासाठी एक खास गीत रची; अशा गीतांना लोक टाउबरच्याच नावाने ओळखू लागले. १९२९ मध्ये बर्लिनला आलेल्या ‘लँड ऑफ स्माइल्स’ या ऑपेरेटाने त्याची कीर्ती कळसाला पोहोचली. त्यात तो एका चिनी राजपुत्राच्या भूमिकेत होता. प्रिय व्हिएन्नी पत्नी दुरावते, आणि राजपुत्र रीतीप्रमाणे हसतमुख राहून दुःख गिळतो. १९३१ मध्ये याच कृतीने त्याला लंडनच्या रंगभूमीवर आणले. त्याच्या ध्वनिमुद्रिकांची संख्या सातशेच्या पुढे गेली. एका डोळ्यातील किंचित तिरळेपणा झाकण्यासाठी लावलेली एककाची भिंगही त्याची ओळख बनून गेली.

१९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आले. टाउबर कॅथलिक म्हणून वाढलेला. परंतु वडील ज्यू कुळातील, एवढा अपराध पुरेसा होता. ज्या बर्लिनने त्याला डोक्यावर घेतले, त्याच बर्लिनमध्ये नाझी गुंडांनी त्याला मारहाण केली. त्याने जर्मनी सोडली आणि व्हिएन्ना जवळ केले. याच काळात इंग्रज चित्रपटसृष्टीने त्याला साद घातली. दिग्दर्शक पॉल स्टाइन यांच्या ‘ब्लॉसम टाइम’मध्ये तो संगीतकार शुबर्ट झाला, १९३५ मध्ये जोसेफ झाला आणि १९३६ मध्ये ‘पालियाची’ या ऑपेराच्या चित्ररूपातील विदूषक. ‘हार्ट्स डिझायर’मध्ये त्याच्याबरोबर काम करणारी नटी डायना नेपियर हिच्याशी १९३६ मध्ये त्याचा विवाह झाला. पडद्यावरच्या जोसेफला जे लाभले नव्हते, ते इंग्लंडने टाउबरला दिले.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. एका रात्रीत टाउबर स्वतःच्या मायदेशाला परका झाला. ज्या नगराची गाणी त्याने जगभर पोहोचविली, त्या नगरात गाणे त्याला निषिद्ध ठरले. १९४० मध्ये ब्रिटनने त्याला नागरिकत्व दिले. युद्धकाळात अमेरिकेतून मोठ्या रकमांची निमंत्रणे येऊनही तो बॉम्बवर्षाव सोसणाऱ्या ब्रिटनमध्येच राहिला. गात राहिला, वाद्यवृंदाचे संचालन करीत राहिला. १९४३ मध्ये ‘ओल्ड चेल्सी’ ही ऑपेरेटा त्याने स्वतः रचली. आश्रय देणाऱ्या देशाचे ऋण कलावंत याहून अधिक चांगले कसे फेडणार?

युद्ध संपले. सप्टेंबर १९४७ मध्ये व्हिएन्ना राष्ट्रीय ऑपेराचा संच लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये आला. टाउबर व्हिएन्नाला गेला नाही, व्हिएन्नाच त्याच्याकडे आले. २७ सप्टेंबरला आपल्या जुन्या संस्थेबरोबर तो मोत्सार्टच्या ‘डॉन जोव्हानी’मध्ये ओटाव्हिओच्या भूमिकेत उभा राहिला. एक फुफ्फुस कर्करोगाने निकामी झालेले होते. तरीही मोत्सार्टच्या त्या लांबच लांब, श्वासाची कसोटी पाहणाऱ्या तानांना त्याने बाध येऊ दिला नाही. ऑपेराच्या मंचावरील त्याचे हे अखेरचे गाणे. काही दिवसांतच ते फुफ्फुस काढण्यात आले, आणि ८ जानेवारी १९४८ रोजी, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, लंडनमध्ये त्याचे निधन झाले. तेथील ब्रॉम्प्टन दफनभूमीत तो विसावला आहे.

आपले कोण आणि परके कोण हे ठरविण्याचा मक्ता सत्ताधीश स्वतःकडे घेतात, तेव्हा ते कुळे आणि कागदपत्रे तपासतात. गळा तपासण्याची त्यांना गरज वाटत नाही. व्हिएन्नाने टाउबरला घालविले. परंतु जाताना तो व्हिएन्ना आपल्या कंठात घेऊन गेला. त्याला घालविणारी राजवट सात वर्षांत मातीस मिळाली. त्याच्या ध्वनिमुद्रिका अजूनही ऐकल्या जातात, आणि त्या ऐकणाऱ्याला आठवते ते व्हिएन्नाच. देश कोणाचा, या प्रश्नाचा निवाडा शेवटी असाही होतो.