लोकवाणीचे जतनकर्ते : झवेरचंद मेघाणी

ज्या समाजात लिहिणे-वाचणे थोड्यांनाच ठाऊक असते, त्या समाजाचे साहित्य माणसांच्या कंठात वसते. जात्यावरच्या ओव्या, शेतातली गाणी, शूरांच्या कथा आणि संतांची भजने एका पिढीच्या तोंडून दुसऱ्या पिढीच्या कानी जातात. मात्र ही परंपरा जितकी जिवंत, तितकीच नाजूक असते. गाणारा म्हातारा गेला, की त्याच्याबरोबर एक अख्खे ग्रंथालयच नाहीसे होते. सौराष्ट्रातील असे मौखिक धन काळाच्या तोंडून सोडवून आणण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते गुजराती कवी व अनुवादक म्हणजे झवेरचंद मेघाणी.

मेघाणी यांचा जन्म २८ ऑगस्ट १८९६ रोजी सौराष्ट्रातील चोटीला या गावी झाला. त्यांचे वडील कालिदास पोलीस खात्यात नोकरीला होते. वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळे लहानग्या झवेरचंदचे बालपण डोंगरदऱ्यांतील निरनिराळ्या ठाण्यांवर गेले. तेथील चारण, आहीर, मेर, काठी अशा समाजांची बोली, त्यांची गाणी व कथा त्यांच्या मनात तेव्हाच रुजल्या. १९१२ साली ते अमरेली येथून मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे भावनगरच्या शामळदास महाविद्यालयातून त्यांनी पदवी संपादन केली.

शिक्षणानंतर ते कलकत्त्यास ॲल्युमिनियमची भांडी तयार करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीस लागले. कारखान्याच्या कामानिमित्त काही महिने त्यांना इंग्लंडमध्येही राहावे लागले. कलकत्त्यातील वास्तव्यात ते बंगाली भाषा शिकले आणि रवींद्रनाथांच्या काव्याशी त्यांचा परिचय झाला. नोकरीत स्थैर्य होते, पुढे बढतीही मिळाली असती; परंतु सौराष्ट्राची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. १९२१ साली ते नोकरी सोडून परतले आणि १९२२ साली राणपूर येथील ‘सौराष्ट्र’ या साप्ताहिकात रुजू झाले. त्याच वर्षी रवींद्रनाथांच्या कथाकाव्यांवर आधारलेले ‘कुरबानीनी कथाओ’ हे त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले.

येथून त्यांच्या खऱ्या कार्यास प्रारंभ झाला. चारण आणि बारोट हे सौराष्ट्राचे परंपरागत कथाकार होत. संस्थानिकांच्या दरबारात पूर्वी त्यांना मान असे. काळ पालटला, राजाश्रय आटला आणि नव्याने शिकलेली मंडळी या वाणीला अडाण्यांची म्हणून नाक मुरडू लागली. मेघाणी मात्र वही घेऊन गावोगाव हिंडले. कधी पायी, कधी घोड्यावर, तर कधी उंटावर बसून ते वाड्यावस्त्यांवर पोहोचत. हडाळ्याचे दरबार वाजसूरवाळा यांनी त्यांना कितीतरी कथा सांगितल्या.

स्त्रियांची गाणी मिळवणे त्याहून कठीण होते. परक्या पुरुषासमोर गाण्यास स्त्रिया संकोचत. त्यांचा विश्वास संपादन करण्यासाठी मेघाणी धीर धरीत. पोरबंदरजवळील बखरला गावच्या ढेलीबेन या मेर स्त्रीने त्यांच्यापुढे आपल्या गीतांचे भांडार मोकळे केले. लग्नातली, गरब्याची, सासुरवासाची व अंगाईची अशी गीते ‘रढियाळी रात’ या संग्रहाच्या चार भागांत सुरक्षित राहिली. मराठीत साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्यांचे जे संकलन केले, त्याच जातीचे हे कार्य होय.

‘सौराष्ट्रनी रसधार’चे पाच भाग १९२३ ते १९२७ या काळात प्रसिद्ध झाले. त्यानंतर अन्यायाविरुद्ध बंड करून रानात उतरलेल्या वीरांच्या कथा त्यांनी ‘सोरठी बहारवटिया’मध्ये दिल्या. मात्र संग्राहकापुढे एक पेच नेहमीच उभा असतो. ऐकलेले जसेच्या तसे उतरवले, तर ते कागदावर निर्जीव वाटते. त्यात भर घातली, तर मूळ सांगणाऱ्याचा आवाज हरवतो. मेघाणींनी कथा आपल्या शब्दांत नव्याने सांगितल्या, परंतु सोरठी बोलीचा ठसा, मधूनमधून येणारे दुहे आणि सांगण्याची लय जपली. त्यामुळे त्या कथा अभ्यासकांपुरत्या न राहता घराघरांत वाचल्या गेल्या. १९२८ साली गुजराती साहित्यातील मानाचे रणजितराम सुवर्णपदक सर्वप्रथम त्यांना प्रदान करण्यात आले.

लोकवाणीचे हेच बळ त्यांच्या स्वतःच्या काव्यात उतरले. १९३० सालच्या सत्याग्रहात त्यांचा ‘सिंधुडो’ हा गीतसंग्रह सरकारने जप्त केला आणि त्यांना दोन वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. न्यायालयात त्यांनी आपले गीत गायले, तेव्हा उपस्थितांचे डोळे पाणावले. १९३१ साली महात्मा गांधी गोलमेज परिषदेस निघाले असता मेघाणींनी ‘छेल्लो कटोरो’ हे काव्य रचले. गांधीजींनी त्यांना राष्ट्रीय शायर म्हणून गौरविले. अनुवाद करतानाही ते परक्या कवितेला लोकगीताचा पेहराव चढवीत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळातील एका इंग्रजी कवितेवरून त्यांनी केलेले ‘कोईनो लाडकवायो’ हे गीत गुजराती जनतेस आपलेच वाटले.

पुढे त्यांनी मुंबईत ‘जन्मभूमी’ या दैनिकासाठी लेखन केले. नंतर राणपूर येथे ‘फूलछाब’चे संपादकपद सांभाळले. १९४१ साली शांतिनिकेतनात आणि त्यानंतर मुंबई विद्यापीठात त्यांनी लोकसाहित्यावर व्याख्याने दिली. ज्या वाणीला एकेकाळी सुशिक्षितांनी दूर लोटले होते, ती आता विद्यापीठाच्या व्यासपीठावर सन्मानाने विराजमान झाली. ९ मार्च १९४७ रोजी बोटाद येथे हृदयविकाराने मेघाणींचे निधन झाले. त्यांचे वय अवघे पन्नास वर्षांचे होते. स्वातंत्र्याचा सूर्योदय त्यांना पाहता आला नाही.

ज्यांच्या मुखातून त्यांनी गाणी व कथा ऐकल्या, ते गायक आणि कथाकार आज हयात नाहीत. त्यांचे शब्द मात्र मेघाणींच्या ग्रंथांतून, गुजरातेतील डायऱ्यांतून आणि नवरात्रीच्या गरब्यांतून अजूनही कानी पडतात. शिकलेल्यांनी न शिकलेल्यांपुढे नम्रपणे ऐकावयास बसावे, हा मेघाणींच्या जीवनाचा संदेश होय. तो कोणत्याही भाषेच्या, कोणत्याही प्रदेशाच्या माणसास आपलासा करता येईल.