जोडाक्षरं चुकायची, तरी लिहिलं अजरामर पुस्तक! राहुरीत संसार केलेल्या लक्ष्मीबाई टिळक

राहाता : नगर-मनमाड रोडने राहात्याहून नगरकडे निघालं की वाटेत राहुरी लागते. सव्वाशे वर्षांपूर्वी या राहुरीत आणि पुढे नगरला लक्ष्मीबाई टिळक यांनी संसार केला. शाळेत न गेलेल्या या बाईने मराठीला ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र दिलं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं आडनाव गोखले. वडील सोवळ्याओवळ्याचे फार कडक, त्यामुळे लहानपण धाकात गेलं. अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक, म्हणजे पुढे नावाजलेले कवी. माणूस बुद्धीचा, पण मनस्वी. न सांगता घर सोडून जायचे, हातातला पैसा दुसऱ्याला देऊन टाकायचे. घर चालवायचं ते लक्ष्मीबाईंनीच. थोडंफार वाचायला-लिहायला नवऱ्याने शिकवलं, तेही तुटक तुटक.

१८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. पदरात लहानगा दत्तू, त्यात लोकांचे टोमणे. काही वर्षं नातेवाइकांच्या आधाराने काढली. नवऱ्याशी नातं तोडलं नाही आणि स्वतःचा धर्मही घाईने सोडला नाही. पुढे त्या नवऱ्याकडे नांदायला आल्या. जातपात खरी की खोटी, याचा स्वतःच विचार केला आणि मनाला पटल्यावर १९०० साली बाप्तिस्मा घेतला. ज्या घरात सोवळं पाळलं जायचं, तिथली ही मुलगी आता कुणाच्याही हातचं खाऊ लागली.

घर सगळ्यांसाठी उघडं

दुष्काळात अनाथ झालेली पोरं त्यांनी सांभाळली. नगरला प्लेग आला, तेव्हा आजाऱ्यांची सेवा केली. कवी बालकवी ठोमरे नगरला त्यांच्या घरी राहिले, त्यांनाही आईची माया दिली.

१९१९ साली टिळक वारले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट राहिलं होतं. सुरुवातीचे काही अध्यायच झाले होते. लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय रचून ते पूर्ण केलं. त्यांच्या स्वतःच्या कवितांचा ‘भरली घागर’ हा संग्रहही आहे.

बोलल्या तसं लिहिलं

मुलगा देवदत्त म्हणजे दत्तू याला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी त्याने आईला आठवणी लिहायला सांगितलं. त्यातूनच ‘स्मृतिचित्रे’ तयार झालं. १९३४ पासून ते चार भागांत छापलं गेलं. जोडाक्षरं शेवटपर्यंत चुकायची, पण त्यांनी लाज धरली नाही. चुलीपुढं बसून बोलावं तसं लिहिलं. नवऱ्याचा राग, घरातली भांडणं, स्वतःची फजिती, काही झाकलं नाही. दुःख सांगतानाही वाचणाऱ्याला हसवलं. १९३६ साली त्या गेल्या. शेवटचा भाग मुलाने पुरा केला. पुढे पुस्तकाचं इंग्रजीतही भाषांतर झालं.

पदवी नाही, हातात पैसा नाही. होती ती पक्की आठवण, हजरजबाबी बोलणं आणि संकटात हसायची ताकद. लक्ष्मीबाईंनी आपल्याला काय येत नाही हे मोजत बसायचं सोडून जे येतं तेच वाढवलं. आजही गावाकडची बाई पटकन म्हणते, मला काय येतंय! कुणाच्या हाताला चव असते, कुणाचा हिशेब तोंडपाठ असतो, कुणी चार बायकांना धीर देते. येत नाही म्हणणाऱ्या प्रत्येकीकडे असं काहीतरी असतंच.