ग्रंथवेडे बाबासाहेब

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी परमपूज्य बाबासाहेबांवर काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा वाटले, आता लिहायचे राहिलेय काय? महाडचे तळे, गोलमेज परिषद, घटना, नागपूरची दीक्षा. यावर दरवर्षी लेख येतात आणि ते यावेतच. पण विहारात वंदनेला बसलो असताना भिंतीकडच्या काचेच्या कपाटाकडे लक्ष गेले. आत पुस्तके, बाहेर कुलूप. किल्ली कोणाकडे असते, हे तिघांना विचारावे लागले. पुस्तके परत येत नाहीत म्हणून कुलूप लावले, असे उत्तर मिळाले. तक्रार खरी आहे. खुद्द बाबासाहेबसुद्धा स्वतःचे पुस्तक सहजासहजी कोणाला नेऊ देत नसत! पण त्यांच्या कपाटातली पुस्तके वाचून वाचून खुणांनी भरलेली होती, आणि आमच्या कपाटातली अजून करकरीत आहेत. तेव्हा बांधवांनो, या वेळी लिहायचे ते एवढ्याच विषयावर, बाबासाहेबांच्या पुस्तकवेडावर.

पुतळ्याच्या हातात आपण एकच पुस्तक पाहतो. प्रत्यक्षातला माणूस मात्र सतत पुढच्या पुस्तकाच्या मागे असायचा.

हे वेड घरातून आले. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेतले शिक्षक. पेन्शन तुटपुंजी, आणि मुंबईत परळच्या डबक चाळीत एका खोलीत सगळा संसार. भिवाला शाळेच्या पुस्तकांपेक्षा बाहेरची पुस्तके जास्त हवी असत. त्याने पुस्तक मागितले, की सुभेदार काखेत मुंडासे मारून लग्न झालेल्या लेकींच्या घरी जात. मंजुळा आणि तुळसा या त्या दोघी. उसने पैसे मिळाले तर ठीक, नाहीतर लेकीचा एखादा दागिना मागून मारवाड्याकडे गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत करत. आपण सुभेदारांचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण त्या दोन बहिणींचे नाव पुस्तकाच्या संदर्भात कोणी घेत नाही. सासरी नांदणाऱ्या बाईने अंगावरचा दागिना भावाच्या पुस्तकासाठी काढून द्यायचा म्हणजे काय, ते घरातल्या बायकांना विचारा.

खोलीत जागा नाही म्हणून मुलगा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तिथे विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत. त्यांनी या मुलाला हेरले, चौकशी केली आणि स्वतःची पुस्तके वाचायला द्यायला सुरुवात केली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. सत्काराच्या सभेचे अध्यक्ष होते सीताराम केशव बोले, आणि केळुसकर गुरुजींनी भेट म्हणून दिले ते स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र. वाचणाऱ्या मुलाच्या हाती योग्य वेळी योग्य पुस्तक पडले तर ते कुठपर्यंत जाते बघा. त्या सभेपासून नागपूरच्या दीक्षेपर्यंत ४९ वर्षे झाली.

इथे थोडे आपल्या भागाबद्दल. ग्रंथालयांची वाण ठाणे-कल्याणला तेव्हाही नव्हती. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली निघाले, तेव्हा भिवा दोन वर्षांचा होता. पण त्याच बोल्यांना पुढे १९२३ साली मुंबईच्या कौन्सिलात ठराव आणावा लागला, की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. यावरून त्या काळी सार्वजनिक या शब्दात कोण कोण बसत होते, ते समजून घ्यावे.

बी.ए. झाला आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाचे ग्रंथालय म्हणजे भुकेल्यापुढे पंगतच! अर्थशास्त्राला नाव घातलेले, पण समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान, जे दिसेल ते घेतले. सेलिग्मन, ड्यूई असे गुरू मिळाले. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे आणि उरलेल्यात पोटाला चिमटा काढून जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळायची. अशी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. निघताना ती एका परिचिताकडे सोपवली. ती सगळी काही हिंदुस्थानात पोहोचली नाहीत. लंडनहून १९१७ साली परतताना सामान आणि पुस्तके दुसऱ्या बोटीने पाठवली. महायुद्ध चालू होते. जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली. नुकसानभरपाईचे सहाशे रुपये आले, आणि त्याच पैशांवर त्यांनी बडोद्याला नोकरीवर हजर होण्याचा खर्च भागवला. एकेक पान निवडून घेतलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी, आणि त्या बदल्यात अपमानाच्या गावाचे तिकीट!

बडोद्यात काय झाले ते आपल्याला पाठ आहे. हातात पगाराची नोकरी, परदेशची पदवी, पण राहायला खोली मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नावाने उतरले. वरच्या मजल्यावर एकटेच, रात्री कंदिलाचा उजेड आणि वटवाघळे. त्यात वाचायचा प्रयत्न करायचा. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोड म्हणून दटावून गेला. दोन मित्रांकडे विचारले, दोघांनीही जमणार नाही असे सुचवले. रात्रीची गाडी येईपर्यंत पाच तास सार्वजनिक बागेत बसून काढले.

आता एक गोष्ट, जी फारशी कोणी सांगत नाही. बाबासाहेबांच्या संग्रहात कायदा, अर्थशास्त्र, धर्म, इतिहास, चरित्रे यांचा भरणा. कादंबऱ्यांचा वाचक म्हणून ते प्रसिद्ध नाहीत. पण त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे, की काही पुस्तकांनी त्यांच्या डोळ्यांत पाणी आणले, आणि त्यांत टॉलस्टॉयच्या चरित्राबरोबर दोन कादंबऱ्या आहेत. एक टॉमस हार्डीची ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’, दुसरी व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’. हे वाचून मी ह्यूगो मिळवला. साने गुरुजींनी या कादंबरीचे ‘दुःखी’ नावाने मराठी रूपांतर केलेले आहे. कल्याण-दादर लोकलमध्ये उभ्याने वाचायला जाड पुस्तक वाईट, पण सोडवेना. त्यात जाँ वाल्जाँ नावाचा माणूस पाव चोरल्याबद्दल तुरुंगात जातो, पळायचे प्रयत्न करतो म्हणून शिक्षा वाढत जाते आणि एकोणीस वर्षांनी सुटतो. एका गावात येतो. खिशात पैसे आहेत, पण तो कोण आहे हे कळताच खानावळवाला बाहेर काढतो. दुसरा काढतो. कुत्र्याच्या घरातूनसुद्धा हुसकला जातो.

ते पान वाचताना मुलुंड कधी गेले कळले नाही. डोळ्यांसमोर बडोद्याची बाग होती. ज्याला स्वतःला दारातून परत पाठवले, तो हे पान कसे वाचत असेल? आपण म्हणतो बाबासाहेबांनी ज्ञानासाठी वाचले, लढ्यासाठी वाचले. खरेच आहे. पण दूर फ्रान्समधल्या एका परक्या लेखकाच्या पुस्तकात आपले दुःख सापडावे आणि एकांतात डोळे भरून यावेत, हेही त्यांच्या वाचनात होते. पुढे १७ मे १९३६ रोजी आपल्याच कल्याणला ठाणे जिल्ह्यातल्या अस्पृश्यांच्या परिषदेत, धर्मांतर का करायचे हे सांगताना, त्यांनी स्वतःला सोसावे लागलेले प्रसंग सांगितले. पांडित्य बाजूला ठेवून माणसाची गोष्ट सांगितली की ती काळजाला भिडते, हे त्यांना माहीत होते.

१९२० साली पुन्हा लंडन. सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढ्यावर. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी सगळ्यांच्या आधी हजर आणि शेवटी बाहेर. दुपारचे जेवण नाही. रात्री भूक आवरेना म्हणून कोणी दिलेले पापड भाजून खायचे आणि परत वाचायला बसायचे. त्या वेळी मुंबईत मातोश्री रमाबाई संसार ओढत होत्या. पाच लेकरांपैकी चार त्यांना गमवावी लागली. बॅरिस्टर, डी.एस्सी. या पदव्यांवर भाषणे करताना या पदव्यांची किंमत चुकवली कोणी, तेही सांगत जावे.

मग दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले. पुस्तकांना जागा हवी म्हणून घर बांधणारा माणूस! कल्याणहून लोकलने येणाऱ्याला दादरला उतरून चालत जाण्याइतके जवळ. पन्नास हजार ग्रंथ होते असे म्हणतात. आकडा ऐकून आपण माना डोलावतो आणि तिथेच थांबतो. परदेशातून येताना ते पेट्या भरून पुस्तके आणत. वाचताना पेन्सिलीने खुणा करत, समासात शेरे लिहीत. सिद्धार्थ कॉलेजला गेलेल्या त्यांच्या पुस्तकांवर या खुणा पाहायला मिळतात. मंत्री झाले, मधुमेहाने शरीर खिळखिळे झाले, तरी पुस्तकांची खरेदी थांबली नाही. डोळे अधू होऊ लागले तेव्हा मात्र हा धीराचा माणूस खचला. वाचता येणार नसेल तर जगून काय करायचे, असे त्यांना वाटू लागले होते.

उतारवयात बौद्ध ग्रंथांचा शोध सुरू होता. पाली शिकले, पालीचा शब्दकोश स्वतः तयार करायला घेतला. साठी गाठलेला, दुखणेकरी माणूस नवी भाषा कशाला शिकतो? तर त्या भाषेत अजून न वाचलेली पुस्तके आहेत म्हणून.

५ डिसेंबर १९५६ची रात्र. दिल्लीला अलीपूर रोडवरच्या बंगल्यात नानकचंद रत्तूंनी पाय चेपून दिले. बुद्धवंदनेची रेकॉर्ड लावली होती. जेवायला जाताना वाटेतल्या कपाटांतून त्यांनी काही पुस्तके काढली आणि पलंगाजवळ ठेवायला सांगितली. दोन घास खाल्ले, कबिराचे पद गुणगुणले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टाईप केलेले कागद मागवून घेतले. रत्तू घरी गेले. सकाळी बाबासाहेब उठले नाहीत. ती पुस्तके पलंगाजवळ तशीच होती.