शिल्पाला हलायला लावणारा इंजिनिअर : अलेक्झांडर काल्डर

बाळाच्या पाळण्यावर टांगलेलं चिमणाळं तुम्ही पाहिलंच असेल. वाऱ्याची झुळूक आली की चिमण्या हलतात आणि रडणारं बाळ टक लावून बघत बसतं. मोठ्या माणसांनाही असंच खिळवून ठेवणारी शिल्पं एका अमेरिकन इंजिनिअरने घडवली. त्याचं नाव अलेक्झांडर काल्डर.

काल्डरचा जन्म १८९८ चा, पेनसिल्व्हेनियातला. वडील शिल्पकार, आई चित्रकार. फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलवरचा विल्यम पेनचा अवाढव्य ब्राँझ पुतळा आजोबांनी घडवलेला. तरीही त्याने १९१९ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. नोकऱ्या केल्या, पण मन रमेना. १९२२ मध्ये जहाजावर काम करताना ग्वाटेमालाजवळ त्याला पहाटे एका बाजूला उगवता सूर्य आणि दुसऱ्या बाजूला चंद्र दिसला. ते दृश्य त्याच्या मनातून कधीच गेलं नाही. पुढच्याच वर्षी तो न्यूयॉर्कमध्ये कला शिकू लागला.

१९२६ मध्ये तो पॅरिसला गेला. तिथे त्याने तार आणि कापडाची छोटी सर्कस बनवली. तिचे खेळ तो स्वतः करून दाखवायचा. १९३० मध्ये तो चित्रकार पीट माँद्रियानच्या स्टुडिओत गेला. भिंतीवरचे रंगीत चौकोन बघून त्याला वाटलं, हे हलले तर? माँद्रियानला ही कल्पना पटली नाही. मग काल्डरने ती स्वतःच करून पाहिली.

सुरुवातीची काही शिल्पं मोटरवर चालायची. १९३१ मध्ये मार्सेल द्युशाँने त्यांना ‘मोबाइल’ हे नाव दिलं. पण मोटर तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा करते. म्हणून काल्डरने काम वाऱ्यावर सोपवलं.

यामागचं तत्त्व तराजूचं. दांडीच्या एका टोकाला जड पत्रा, दुसऱ्याला हलका. टांगायचा बिंदू जड बाजूकडे सरकवला की तोल साधतो. अशा अनेक दांड्या एकमेकींना अडकवल्या की साध्या झुळकेनेही शिल्प रूप बदलत राहतं.

१९५५ मध्ये काल्डर भारतातही आला होता. गिरा साराभाईंच्या आमंत्रणावरून त्याने अहमदाबादेत राहून शिल्पं घडवली.

१९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये त्याचं मोठं प्रदर्शन सुरू झालं आणि काही आठवड्यांतच तो वारला. आजोबांचा पुतळा आजही उंचावर निश्चल उभा आहे. नातवाची शिल्पं मात्र अजून वाऱ्याची वाट बघतात.